मेथडच्या पोटात न्यू केलेलं ऑब्जेक्ट टेस्टमध्ये मॉक कसं करायचं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

प्रश्न जावा आणि मॉकिटोचा (टेस्टमध्ये खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी मॉक, म्हणजे तोतया ऑब्जेक्ट, बसवणारी लायब्ररी) आहे, पण दुखणं सगळ्याच भाषांत असणार, तेव्हा इतरांनीही लिहा. कामाचा कोड इथे डकवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगते.

एक सर्व्हिस क्लास आहे. बिलाची रक्कम एका चलनातून दुसऱ्या चलनात करून देतो. त्यातल्या रूपांतराच्या मेथडमध्ये आधी दर आणणारा क्लायंट न्यू होतो, म्हणजे तिथेच नवा बनतो (त्याच्या कन्स्ट्रक्टरला त्या ग्राहकाची की लागते), मग त्याच्याकडून दर मागवला जातो, मग गुणाकार, पूर्णांकन आणि दोनतीन नियम. मला तपासायचे आहेत ते फक्त शेवटचे नियम. पण टेस्ट चालवली की क्लायंट सरळ नेटवर्कवर जातो. माझ्या मशीनवर आजचा खरा दर येतो आणि अपेक्षित रक्कम जुळत नाही. बिल्ड सर्व्हरला बाहेरचं नेट नाही, तिथे टाइमआउट.

टेस्टमध्ये क्लायंटवर @मॉक आणि सर्व्हिसवर @इन्जेक्टमॉक्स लावून पाहिलं, स्टबिंगही (मॉकने काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून देणं) केलं. मॉक आपला कोपऱ्यात बसून राहतो, त्याला कुणी काही विचारतच नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑब्जेक्ट आतच जन्माला येत असेल तर ते बाहेरून बदलायचं कसं? आणि आमच्या टीममध्ये एक ठाम मत आहे की टेस्टच्या सोयीसाठी चालू कोडला हात लावायचा नाही. तुम्हाला पटतं का हे?

शून्यभागाकार

आधी @इन्जेक्टमॉक्सचं घोडं कुठे पेंड खातं ते सांगतो. सर्व्हिसचं ऑब्जेक्ट बनवताना मॉक कुठे घुसवता येतील एवढंच ते बघतं: आधी कन्स्ट्रक्टर, मग सेटर, मग फील्ड. मेथडमधलं लोकल व्हेरिएबल त्याच्या कक्षेतच येत नाही. आणि जागा मिळाली नाही तर एररही देत नाही, गुपचूप पुढे जातं. त्यामुळे ॲनोटेशन लावलंय म्हणजे मॉक आत गेलाय, असा समज होतो.

तुमची टेस्ट लाल होतेय हे नशीबच समजा. अपेक्षा ढिली असती, म्हणजे नुसतं "उत्तर नल नाही" एवढंच तपासलं असतं, तर नेट असलेल्या मशीनवर ती खऱ्या क्लायंटच्या जिवावर पास झाली असती. मॉकिटो स्ट्रिक्ट मोडमध्ये असेल तर अशा वेळी न वापरलेल्या स्टबिंगची तक्रार करतो. ती तक्रार बंद करायला लेनियंट (ढिला मोड) लावणारे लोक पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

झटपटराव

सोपं आहे. मॉककन्स्ट्रक्शन वापरा. मॉकिटो ३.५.० पासून, म्हणजे २०२० पासून आहे. तेव्हा मॉकिटो-इनलाइन वेगळं घ्यावं लागायचं, ५ व्या आवृत्तीपासून (२०२३) तोच मॉकमेकर (मॉक बनवणारा भाग) मुळात चालू असतो. ट्रायच्या कंसात उघडा, म्हणजे ब्लॉक संपला की आपोआप बंद. त्या ब्लॉकच्या आत तो क्लास कुठेही न्यू झाला तरी मॉकच मिळतो. खरा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, त्यामुळे कनेक्शनबिनेक्शन उघडायची भानगड नाही. कोणती आर्ग्युमेंट गेली तेही कॉन्टेक्स्टमधून बघता येतं, म्हणजे ग्राहकाची की बरोबर गेली का तेसुद्धा तपासून होईल.

चालू कोडची एक ओळ बदलायची नाही. धागा बंद करायला हरकत नाही :)

रिकामीओळ

झटपटराव, दुसऱ्या प्रतिसादात धागा बंद? मग आम्ही दिवसभर काय काम करायचं की काय!

जुनेखोड

झटपटरावांनी सांगितलं ते चालतं, यात वाद नाही. पण हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं झालं.

टेस्ट लिहायला जड जातेय, कारण एकाच मेथडवर दोन कामं लादली आहेत: क्लायंट बनवायचा आणि हिशोबही करायचा. मॉककन्स्ट्रक्शनने ती अडचण झाकली जाते, मिटत नाही. शिवाय आता टेस्टला माहीत आहे की आत अमुक क्लास न्यू होतो. उद्या कुणी न्यू काढून स्टॅटिक फॅक्टरी लावली, किंवा क्लायंटचा नवा उपवर्ग वापरला, तर वागणूक तीच राहूनही टेस्ट कोसळणार. मग लोक टेस्टला शिव्या देतात.

साधा उपाय जुनाच आहे. क्लायंट बाहेरून द्या. सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरला एक पॅरामीटर वाढवा. आधीच्या कॉलरना त्रास नको असेल तर जुना कन्स्ट्रक्टर ठेवा आणि त्यातून नव्याला खरी वस्तू देऊन बोलवा. कॉलरना फरकही कळणार नाही.

"टेस्टसाठी कोड बदलायचा नाही" हे मत मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. टेस्ट हीसुद्धा त्या क्लासची एक वापरकर्तीच आहे की. तिला तो वेगळा काढून वापरता येत नसेल, तर उद्या दुसऱ्या मॉड्यूललाही येणार नाही. मात्र प्रायव्हेट मेथड केवळ टेस्टसाठी पब्लिक करणं, किंवा कोडमध्ये "टेस्ट चालू असेल तर" असं इफ टाकणं, याला मीही विरोध करीन. तुमच्या टीमचं मत बहुधा असलंच काहीतरी पाहून बनलं असावं.

झटपटराव

जुनेखोडकाका, तत्त्व मान्य. पण ज्या कोडला एकही टेस्ट नाही तिथे कन्स्ट्रक्टर बदलायचे कशाच्या भरवशावर? बदल करायला टेस्ट हवी आणि टेस्ट लिहायला बदल हवा. आधी कोंबडी की आधी अंडं? तिथे मॉककन्स्ट्रक्शन लागतंच. जे आहे ते आधी टेस्टमध्ये बांधून घ्यायचं, मग हलवायचं.

आणि पॉवरमॉकपेक्षा (जुनी मॉकिंग लायब्ररी) हे हजारपटीने बरं. तिथे न्यू अडवायला प्रिपेअरफॉरटेस्टमध्ये जो क्लास न्यू होतो तो नाही, तर जो न्यू *करतो* तो द्यावा लागायचा. निम्मी मंडळी तिथेच अडकायची. वर त्याचा स्वतःचा क्लासलोडर, त्यामुळे जॅकोकोच्या (कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये किती कोड चालला, ते मोजणारं टूल) नेहमीच्या पद्धतीत त्या क्लासचं कव्हरेज शून्य दिसायचं. जेयुनिट ५ (जावाची टेस्ट चालवणारी चौकट) वर तर त्याची अधिकृत गाडी आलीच नाही.

जुनेखोड

पहिली टेस्ट बांधण्यापुरतं वापरा, या मुद्द्याशी सहमत. माझी तक्रार ते कायमचं मुक्कामाला राहतं याबद्दल आहे.

चारस्पेस

पायथनवालीकडून. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही असं म्हणणार होते, पण येतो, फक्त वेगळ्या रूपात. युनिटटेस्ट डॉट मॉक हे पायथन ३.३ पासून स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. पॅच करून कुठलंही नाव टेस्टपुरतं बदलता येतं. नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे: क्लायंट जिथे *लिहिलाय* त्या मॉड्यूलमध्ये पॅच करतो. सर्व्हिसच्या फाइलमध्ये "फ्रॉम क्लायंट इम्पोर्ट" करून ते नाव आधीच आणलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. नाव जिथे *वापरताना शोधलं जातं* तिथे, म्हणजे सर्व्हिसच्या मॉड्यूलमध्ये पॅच करायचं.

दुसरं, क्लास पॅच केला की हाती येतो तो क्लासचा मॉक. आत तयार होणारं ऑब्जेक्ट म्हणजे त्याची रिटर्नव्हॅल्यू. स्टबिंग तिच्यावर करायचं.

आणि ऑटोस्पेक (मॉकला खऱ्या क्लासच्या मेथडपुरतंच बांधणारा पर्याय) चालू ठेवा हो! नाहीतर मॉक कशालाही मान डोलावतो. क्लायंटमधल्या मेथडचं नाव बदललं, सर्व्हिसमध्ये जुनंच राहिलं, तरी टेस्ट हिरवीगार. सोय आहे म्हणून आम्ही इतकं पॅच करतो की एकेका टेस्टच्या डोक्यावर पाचसहा डेकोरेटरची उतरंड असते, आणि आर्ग्युमेंटचा क्रम खालून वर. वाचणाऱ्याची मजा.

रिकामीओळ

उतरंडीतलं खालचं मडकं काढून बघा एकदा.

तळघर

तुम्ही लोक ऑब्जेक्टवरून रडताय. आम्ही सी लिहितो, ऑब्जेक्ट म्हणजे आमच्याकडे कंपायलरने ओकलेली फाइल. तिथेसुद्धा हाच खेळ आहे. जीएनयूच्या लिंकरला रॅप ऑप्शन देऊन फंक्शनचं नाव दिलं की त्या फंक्शनचे कॉल आपल्या रॅपवाल्या फंक्शनकडे वळतात, आणि मूळ हवं असेल तर रिअल असा उपसर्ग लावून बोलवता येतं. मॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) फेल झाला तर काय, हे आम्ही असंच तपासतो.

फक्त ज्या फाइलमध्ये ते फंक्शन लिहिलंय त्याच फाइलमधून त्याला कॉल असेल तर तो वळत नाही, कारण लिंकरसमोर तो अनुत्तरित संदर्भ म्हणून येतच नाही. म्हणजे फिरून तेच: फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढा, मग टेस्ट करा.

शून्यभागाकार

तळघर, झकास! थोडक्यात, भाषा कुठलीही असो, बदलायची वस्तू आणि वापरणारा यांच्यात कुठेतरी फट हवी. ती डिझाइनमध्ये ठेवा, नाहीतर बाइटकोडमध्ये नाहीतर लिंकरमध्ये पाडा.

कोरीपाटी

मला इथे वेगळाच प्रश्न पडलाय. अर्धविराम, पूर्णांकन कोण करतं? तोही एखादा क्लास आत न्यू होत असेल ना? त्याचाही मॉक करणार आहात का?

अर्धविराम

हो, पूर्णांकनाचा छोटा क्लास आहे, तोही आतच न्यू होतो. युनिट टेस्ट म्हणजे बाकी सगळं मॉक, असं शिकवलं होतं, म्हणून त्याचाही विचार होता.

कोरीपाटी

तिथेच थांबा. तो मॉक केलात तर तपासायला उरलं काय? मॉकला सांगणार "१०.५० परत दे" आणि मग तपासणार की १०.५० आलं. वा!

आत न्यू होणारी प्रत्येक गोष्ट अडचणीची नसते. यादी, मॅप, स्ट्रिंगबिल्डर आत न्यू होतात, त्यांचा मॉक करायचं कुणाच्या मनातही येत नाही. तुमचा पूर्णांकनवाला त्यांच्याच पंगतीतला. तोच इनपुट दिला तर तेच उत्तर, बाहेर कुठे जात नाही, चुटकीसरशी होतो. त्याला खराच चालू द्या. अडचण कुणाची? जो नेटवर्कवर जातो, डिस्कवर लिहितो, घड्याळ बघतो, रँडम आकडा काढतो, किंवा ज्याला चालायलाच वेळ लागतो. तेवढेच बाहेर काढायचे.

तुमच्या विषयात तर खरं पूर्णांकन चालू ठेवायला आणखी मोठं कारण आहे. पैशांच्या हिशोबातले बग तिथेच दडलेले असतात. बिगडेसिमल (जावाचा अचूक दशांश आकड्यांचा क्लास) ०.१ या डबलवरून बनवला तर त्यात ०.१ नसतो, ०.१०००००००००००००००५५५ असलं शेपूट लागतं. स्ट्रिंगवरून बनवावा लागतो. २.० आणि २.०० इक्वल्सने सारखे नाहीत, कम्पेअरटूने सारखे आहेत. हाफईव्हन (बरोबर मध्यावरचा आकडा सम अंकाकडे नेणं) लावलं तर २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४. येनला दशांश स्थळं शून्य, कुवेती दिनारला तीन. सगळीकडे २ धरून चालणारा कोड मी वाचलेला आहे. पूर्णांकनाचा मॉक केलात तर यातलं काही म्हणजे काही पकडलं जाणार नाही, आणि कव्हरेज मात्र भरघोस दिसेल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

झटपटराव

हे मात्र शंभर टक्के. मॉकने मॉक परत करायचा, त्याने तिसरा मॉक परत करायचा, असली टेस्ट दिसली की मी रिव्ह्यूमध्ये थेट परत पाठवतो.

पहाटपाळी

युनिट म्हणजे एक क्लास की एक वागणूक, हे भांडण जुनं आहे. मॉक ऑब्जेक्टची कल्पना २००० सालच्या एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग) परिषदेतल्या एका निबंधात मांडली गेली, ती मंडळी लंडनची, म्हणून सगळे शेजारी मॉक करणाऱ्या पंथाला लंडनचा म्हणतात. दुसरा डेट्रॉइटचा, शक्य तिथे खऱ्या वस्तू वापरणारा. लंडनवालेसुद्धा "सगळं मॉक करा" असं म्हणत नाहीत बरं का. जो टाइप आपल्या मालकीचा नाही त्याचा मॉक करू नका, हा नियम त्यांच्याच गोटातला.

इथे तो लागू पडतो. अर्धविराम, दर आणणारा क्लायंट तुमचा आहे की बाहेरच्या लायब्ररीतला?

अर्धविराम

बाहेरच्या लायब्ररीतला. क्लास फायनल आहे, इंटरफेस नाही.

पहाटपाळी

मग तो क्लायंट सर्व्हिसला थेट देऊ नका. मध्ये आपला एक बारीक इंटरफेस ठेवा, "दरदाता" म्हणा. एकच मेथड: दोन चलनं द्या, दर घ्या. त्याच्या खऱ्या अंमलबजावणीत लायब्ररीचा क्लायंट. सर्व्हिसच्या टेस्टमध्ये मॉकिटोसुद्धा लागणार नाही, एका ओळीचा लॅम्डा (निनावी फंक्शन) पुरतो. आणि त्या खऱ्या अंमलबजावणीची टेस्ट वायरमॉकसारखा खोटा एचटीटीपी सर्व्हर उभा करून करा. चुकीचा जेसन, ४२९ (फार विनंत्या झाल्याचा एचटीटीपी कोड), अर्धवट तुटलेलं उत्तर, हे सगळं तिथे तपासता येतं. लायब्ररीचा मॉक करून हे कळत नाही, कारण लायब्ररी अशा वेळी कसं वागते याचा अंदाज तुम्हीच मॉकमध्ये भरलेला असतो.

चारस्पेस

पण ग्राहकाची की तर मेथडच्या वेळी कळते ना? मग कन्स्ट्रक्टरमधून तयार दरदाता कसा देणार?

जुनेखोड

चांगलं पकडलंत. तेव्हा वस्तूऐवजी वस्तू बनवणारा द्यायचा. जावा ८ पासून फंक्शन इंटरफेस आहेच: की द्या, दरदाता घ्या. खऱ्या कोडमध्ये तिथे कन्स्ट्रक्टरचा संदर्भ, टेस्टमध्ये "की काहीही असो, हा घे" असा लॅम्डा.

दुसरी जुनी पद्धत म्हणजे न्यूची ती एकच ओळ प्रोटेक्टेड मेथडमध्ये काढायची आणि टेस्टमध्ये उपवर्ग करून ती ओव्हरराइड करायची. लहानसा बदल, टीमलाही पचेल. पण ती मेथड कन्स्ट्रक्टरमधून बोलवू नका. जावात तेव्हा उपवर्गाची मेथड चालते, पण उपवर्गाची फील्ड्स अजून भरलेली नसतात, त्यामुळे मॉकच्या जागी नल येतो. सी प्लस प्लसमध्ये उलट, कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड बोलावली तर मूळ वर्गाचीच चालते, ओव्हरराइडला कुणी विचारत नाही.

तळघर

अवांतर: प्रत्येक ठिकाणी फॅक्टरी, फॅक्टरीची फॅक्टरी, प्रोव्हायडर, रिझॉल्व्हर. एक दर आणायला सात फाइली उघडाव्या लागतात. यापेक्षा आमचा लिंकर बरा.

रिकामीओळ

तळघर, वर या, इथे ऊन आहे.

कोरीपाटी

तळघरांचा टोमणा अगदीच खोटा नाही. म्हणूनच "कशाला बाहेर काढायचं" हा प्रश्न आधी. ज्या वस्तूची एकच अंमलबजावणी आहे आणि जी बाहेर कुठे जात नाही तिच्यासाठी इंटरफेस पाडायचा नाही. अर्धविरामांच्या क्लासमध्ये फक्त दर बाहेर जाईल.

आणि बहुतेक घड्याळही. दर "आजच्या तारखेचा" मागता ना? मेथडमध्ये लोकलडेट डॉट नाऊ असेल तर तोही आतच जन्मलेला बाहेरचा. जावा ८ मध्ये क्लॉक त्यासाठीच दिलंय, टेस्टमध्ये क्लॉक फिक्स्ड. डॉटनेटवाल्यांना डॉटनेट ८ मध्ये टाइमप्रोव्हायडर मिळाला.

झटपटराव

घड्याळाचा मुद्दा पटला. मध्यरात्रीच्या बिल्डमध्येच फुटणाऱ्या टेस्ट शोधत बसणं हे कुणाच्याही नशिबी येऊ नये.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. धागा वर आणतेय, कारण काम झालंय आणि एक नवं कोडं निघालंय.

झटपटराव आणि जुनेखोड दोघांचंही ऐकलं. आधी मॉककन्स्ट्रक्शन लावून आहे त्या वागणुकीच्या टेस्ट बांधल्या, चालू कोडला हात न लावता, त्यामुळे टीमही गप्प. त्या हिरव्या असताना दरदाता आणि की घेऊन तो बनवणारं फंक्शन बाहेर काढलं, जुना कन्स्ट्रक्टर तसाच ठेवला. पूर्णांकनाचा क्लास मॉक न करता खराच चालू ठेवला. येनची टेस्ट लिहिली आणि ती पहिल्या फटक्यात लाल झाली, कोरीपाटी, तुम्हाला दंडवत.

आता कोडं. न्यू बाहेर आल्यावर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारलं, हा क्लायंट बंद कोण करतं? उत्तर, कुणीच नाही. प्रत्येक कॉलला नवा क्लायंट, आणि क्लोज कधीच नाही. आत लपलेला होता तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आता एकच क्लायंट बनवून सगळ्यांना वाटायचा का?

पहाटपाळी

की प्रत्येक ग्राहकाची वेगळी, त्यामुळे एकच क्लायंट सगळ्यांना चालणार नाही. चुकीच्या ग्राहकाच्या नावावर दर मागवले जातील. आणि वाटून वापरायचा असेल तर तो अनेक थ्रेडमधून वापरायला सुरक्षित आहे का, हे लायब्ररीच्या दस्तऐवजात आधी बघा. तोवर दरदाता ऑटोक्लोजेबल करा, सर्व्हिसमध्ये ट्रायच्या कंसात घ्या. ज्याने फंक्शनकडून मागवला त्यानेच बंद करायचा. टेस्टमध्ये क्लोज एकदा बोलावलं गेलं का ते व्हेरिफाय करा, दर आणताना एक्सेप्शन आलं तेव्हासुद्धा. इथे मॉक शोभतो.

फक्त ऑटोक्लोजेबल केल्यावर दरदात्यात क्लोजसुद्धा आली, मग दोन मेथडचा लॅम्डा होत नाही. इंटरफेसमध्ये क्लोजला रिकामी डिफॉल्ट मेथड द्या, लॅम्डा पुन्हा चालेल. खऱ्या अंमलबजावणीत ती ओव्हरराइड करायला मात्र विसरू नका.

अर्धविराम

करते. आणि एक राहिलंच. सुरुवातीच्या त्या मॉककन्स्ट्रक्शनच्या टेस्टपैकी एक बॅचची आहे, पॅरलल स्ट्रीमवाली. ती कधी पास होते, कधी नेटवर्कवर जाते. का?

झटपटराव

मॉककन्स्ट्रक्शन फक्त ज्या थ्रेडने उघडलं त्याच थ्रेडपुरतं असतं. पॅरलल स्ट्रीम काही काम तुमच्या थ्रेडवर करतो, काही पूलमधल्या थ्रेडवर. पूलवाल्यांना खरा क्लायंट मिळतो. ती टेस्ट आता फंक्शन देऊन लिहा आणि मॉककन्स्ट्रक्शनवाली उडवून टाका.

जुनेखोड

झटपटराव स्वतः उडवा म्हणतायत. वाचनखूण साठवली.